साडेतीन शेर रेघा

ही गोष्ट खरी मानणारा माणूस अजून लक्ष्मीपुरीत जन्माला यायचाय. आणि समजा आलाच, तर त्याला शहाणा म्हणणारा दुसरा कुठून आणायचा? तेव्हा पटवून घ्यायच्या भानगडीत कुणी पडू नये. मी सांगतो, तुम्ही ऐका, आणि मधनंमधनं चहा सांगत जा.

परवा अंबूबाईच्या चहाच्या गाड्यासमोर, बाकड्यावर बसून मी असंच म्हणालो. शेजारी चंदगडकडचा एक पावणा बसला होता. समोरच्या प्रेसात पुतणीच्या लग्नाच्या पत्रिका टाकून त्यांची वाट बघत होता, आणि त्यानं बोलता बोलता जे वाक्य टाकलं त्यानं माझ्या बशीतला चहा निवला.

"आता कॉम्प्युटरवर छापतासा म्हंजे चुका कशाला हुत्यात, न्हवं?"

"पावणं, नाव काय तुमचं?"

"गुंडू."

"तर गुंडूपावणं, मी आकाराम. ह्या समोरच्या प्रेसात बत्तीस वर्सं प्रुफं वाचली मी. शिशाच्या अक्षरांचं खिळं जुळवायचे तवापास्नं. उलटी अक्षरं मला सुलट्यापरास लवकर दिसत्यात. त्र्याण्णव साली एका पत्रिकेतला अनुस्वार पडला, त्यो मी ह्या बाकड्यावर बसून मशिनीच्या आवाजावरनं धरला. खटाक-खट चाललंतं, त्यात एक खट कमी आला."

"आवाजावरनं?"

"आवाजावरनं! आणि माझी हिरव्या शाईची सही झाल्याबिगार त्या दारातनं कागुद भाईर पडत न्हाई. 'वाचले, बरोबर', खाली 'आ'. मालकाच्या बापाच्या तेराव्याचं कार्ड आसंल तरी न्हाई."

अंबूबाईनं किटली फडक्यानं धरून दोन पेले भरले. बोलली काही नाही. ती फार बोलतच नाही. त्यामुळंच तर तिच्या गाड्यावर मला बोलायला जागा मिळते.

तर ऐका. दोन हजार पाचच्या पुरात प्रेसात कमरेएवढं पाणी आलं. आम्ही कॉम्प्युटर माळ्यावर चढवले. पण मराठी टाइपाच्या जुन्या प्रोग्रॅमला एक कुलूप असायचं, अंगठ्याएवढं खोकं, डोंगल म्हणत त्याला. ते कॉम्प्युटरच्या पाठीत खुपसलं तरच प्रोग्रॅम चालायचा. गडबडीत नेमकं तेच टेबलावर राहिलं. प्रोग्रॅम बंद, म्हणजे दहा वर्षांच्या फाइली बंद. तिजोरी माळ्यावर सुखरूप आणि किल्ली पंचगंगेत. कंपनीला फोन लावला तर नुसता वाजतोय.

तेव्हा मालकानं मृत्युंजयला बोलावलं. गडहिंग्लजचा, इंजिनियर झालेला, सव्विशीचा. दाढी तीन दिवसांची. कधीही बघा, तीनच दिवसांची. त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला होता. जुनी फाइल एका अंगानं आत घालायची, दुसऱ्या अंगानं ती कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल अशी होऊन बाहेर येते. नाव ठेवलं होतं 'बदली'. सरकारी माणसाची बदली झाली की सामानातलं काहीतरी टेंपोत राहतंच, हे त्यानं बारसं करतानाच ओळखायला हवं होतं.

आणि हे सगळं फुकट! कुणीही घ्या, कुणीही उघडून आत बघा, कुणीही दुरुस्त करा. ह्याला मोकळं सॉफ्टवेअर म्हणतात. जगभरची असली पोरं एकमेकांची कामं फुकटात करत बसतात म्हणे. चौकातल्या सार्वजनिक नळाचं तसंच असतं. सगळ्यांचा म्हणून सगळे भरून घेतात, आणि सगळ्यांचा म्हणून वायसर कुणीच बदलत नाही.

"नाना, दोनशे बारा चाचण्या हायत माझ्या," मृत्युंजय पडदा माझ्याकडं वळवून म्हणाला. "सगळ्या पास."

पडद्यावर हिरव्या खुणांची रांगच्या रांग, मेथीच्या वाफ्यासारखी.

"चाचणी म्हंजे करतोस काय तू?"

"नमुन्याची फाइल बदलीतनं काढायची. भाईर काय आलं आणि काय यायला पायजे हुतं, दोन्ही ताडून बघायचं. जुळलं की हिरवं, न्हाई जुळलं की लाल."

"आणि काय यायला पायजे हुतं, हे कुणी ठरवलं?"

"त्ये... हाय की ठरवलेलं."

तिथंच मला वास आला. चाळीस फुटांवरून अनुस्वार ऐकणारं माझं डोकं, त्याला वास यायला काय लागतं?

"मग तवाच थांबवायचं न्हाई व्हय?" गुंडूपावण्यानं विचारलं.

"मालक ऐकतोय व्हय पावणं? तुम्ही चहा घ्या."

आता पुढं. नेसरीच्या अलीकडच्या एका गावातली दूध संस्था. गावाचं नाव सांगत नाही, माझ्या मेहुण्याची म्हैस अजून तिथं दूध घालते. अध्यक्ष अमरसिंह. अठरा वर्षं त्याच खुर्चीत. कपड्यांना इस्त्री इतकी कडक की माणूस खाली बसला की पापड मोडल्यागत आवाज यायचा. संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती, आणि पोटनियमांचं, म्हणजे संस्थेच्या कायद्याचं, पुस्तक संपलं होतं. त्याची फाइल आमच्याकडं होती, जुनी. ती बदलीतनं काढायची ठरली.

त्या संस्थेत एक रीत होती. एखादा नियम सभेत रद्द झाला तर तो पुसायचा नाही. त्यावर आडवी रेघ मारून तसाच ठेवायचा आणि खाली नवा लिहायचा. म्हणजे आधी काय होतं आणि ते कधी मोडलं, हे पुढच्याला दिसावं. त्या गावानं आयुष्यात केलेली एवढी एकच शहाणपणाची गोष्ट.

आणि बदलीला आडवी रेघ ठाऊकच नव्हती! जाड अक्षर तिला शिकवलेलं, तिरकं शिकवलेलं, मोठं-बारीक शिकवलेलं. रेघ शिकवायची राहिली. राहूदे की. न येणं हा गुन्हा नाही; मलाही पोहता येत नाही. पण मी पाण्यात उतरून पलीकडं पोचलो म्हणून सांगत नाही. बदलीनं काय करायला हवं होतं? थांबायचं आणि म्हणायचं, 'हितं कायतरी हाय, मला कळंना, कुणीतरी बघा.' तिनं काय केलं? रेघ गिळली, खालची अक्षरं तशीच ठेवली, आणि वर पडद्यावर लिहिलं, 'रूपांतर यशस्वी'. ढेकरसुद्धा दिला नाही.

पाचशे पुस्तकं छापून गेली.

"म्हंजे मेल्यालं नियम जितं झालं?" पावण्याला आता गोडी लागली होती.

"एक्केचाळीस! एका नियमात संस्थेच्या घड्याळाला चावी द्यायचा अधिकार उपाध्यक्षास्नी, नावानिशी. त्यो माणूस वारून अकरा वर्सं झालेली. कुणी हात लावंना. तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद, चवथ्या दिवशी दुधाची गाडी चुकली, पाचव्या दिवशी गावात लोण्याचा चिखूल."

हसला पावणा. पण पान नऊवरच्या नियमाला हसण्यासारखं काही नव्हतं. वर छापलेलं: संचालकपदाच्या उमेदवाराच्या स्वतःच्या नावे किमान वीस गुंठे जमीन असावी. खाली छापलेलं: सलग तीन वर्षे दूध घालणारा कोणीही सभासद उमेदवार होऊ शकेल. वरचा अठ्ठ्याण्णव साली सभेनं मारलेला. पुस्तकात दोन्ही नाकाला नाक लावून उभे.

त्या गावात शिवगंगा नावाची बाई. चार म्हशी तिच्या, शेण-घाण तिची, सात वर्षं न चुकता दूध तिचं. जमीन सासऱ्याच्या नावावर. संस्थेतलं फॅट मोजायचं यंत्र तिच्या दुधाला सकाळी एक आकडा दाखवायचं, संध्याकाळी दुसरा. चार वर्षं ती ओरडून सांगत होती. कुणी ऐकेना, तेव्हा म्हणाली, आता आत जाऊन बसते. भरला अर्ज. थेट अध्यक्षांच्या विरोधात.

सोमवारी छाननी होती. अमरसिंह कडकड वाजत उठला, आमचं नवंकोरं पुस्तक उघडलं आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढं ठेवलं. "साहेब, वरचा नियम वलांडल्याबिगार खालच्यावर जाता येत न्हाई." अधिकाऱ्यानं छापलेलं वाचलं आणि अर्ज बाद केला. गुरुवारी दुपारी गडहिंग्लजला अपील ऐकणार होते. तोवर पुरावा आणला तर ठीक, नाहीतर पाच वर्षं बाहेर बसून ओरडायचं. मंजूर मूळ प्रत सरकारी कचेरीत होती म्हणा, पण ती मागायला अर्ज, अर्जाला पंधरा दिवस.

मंगळवारी सकाळी नेसरीच्या एसटीनं बाई लक्ष्मीपुरीत उतरली. काखेत प्लास्टिकची पिशवी. पिशवीत म्हशींच्या लसीचे कागद, आणि त्यांच्यात घडी करून ठेवलेली अठ्ठ्याण्णवच्या सभेत वाटलेली पोटनियमांची जुनी प्रत. पान नऊवर रेघ, ठसठशीत.

"अज्जा, ही रेघ कुठं गेली?" तिनं मला विचारलं. "अध्यक्ष म्हंतोय, ह्या प्रतीवर मीच पेनानं मारली. तुमच्या फाइलीत रेघ हुती का न्हवती, एवढं लिवून द्या."

मी लगेच मृत्युंजयला समोर उभा केला. सोडतोय व्हय? बदलीची अब्रू वाचवायला तो पुन्हा हिरवा वाफा दाखवायला लागला.

"अक्का, दोनशे बारा चाचण्या—"

तिनं पडद्याकडं बघितलंही नाही. "तम्मा," ती धाकट्या भावाला हाक मारावी तशी म्हणाली, "नमुना कुठला घेतलास?"

"म्हंजे?"

"आमच्या संस्थेत फॅटचं यंत्र बरोबर हाय का बघत्यात. कसं बघत्यात? अध्यक्षाच्या गोठ्यातलं दूध यंत्रात घालायचं, आकडा येईल त्यो पाटीवर लिवायचा. दुसऱ्या दिवशी त्येच दूध, त्येच यंत्र, आकडा पाटीसंगं जुळला की यंत्र बरोबर. तुझं तसं न्हाई न्हवं? काय यायला पायजे त्ये कुणी लिवलं, तू का तुझ्या यंत्रानं?"

मृत्युंजयची तीन दिवसांची दाढी तिथल्या तिथं चार दिवसांची झाली.

"अक्का... पयल्यांदा बदलीतनं जे आलं, त्येच मी 'बरोबर' म्हणून ठेवलं. दोनशे बारा हातानं कुठं लिवत बसू?"

बघा! पोरानं पेपर स्वतः काढला, स्वतः सोडवला, आणि सोडवलेलाच पेपर उत्तरपत्रिका म्हणून मास्तरांच्या टेबलावर ठेवला. मग शंभरापैकी शंभर. चार वर्षं कॉलेजात काय फक्त कॅन्टीन तपासलं का? मी त्याला तोंडावर म्हणालो, "लेका, ह्याला चाचणी म्हंत न्हाईत. आरशात बघून सोताला व्हय-व्हय म्हणणं म्हंत्यात."

"नाना," गुंडूपावणा मधेच म्हणाला, "पर प्रूफ तुम्ही वाचलंसा की. त्ये कशासंगं ताडलंसा?"

"कशासंगं म्हंजे? मूळ प्रतीसंगं. एकजण मोठ्यानं वाचतो, मी प्रुफावर बोट ठेवून जातो. बत्तीस वर्सांची पद्धत हाय."

"मूळ फाइल तर उघडत न्हवती म्हणालासा?"

"पावणं, भजी घ्या जरा. अंबूबाई, एक पलेट कांदाभजी दे पावण्यास्नी."

अंबूबाईनं झारा कढईच्या काठावर आपटला. जरा जोरातच.

आता खरा भाग, जो कुणाला पटत नाही. मी विचार केला, बदलीनं एक्केचाळीस रेघा गिळल्या. गिळलेलं जातं कुठं? बाहेर तर आलं नाही. म्हणजे आतच असणार. स्क्रू काढले, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उचललं, आणि डबा उलटा करून हापटला. भसाभसा रेघा पडल्या खाली! काळ्या, बारीक, शेवयांसारख्या. सगळ्या गिऱ्हाइकांच्या. कुणाच्या आमंत्रणातल्या, कुणाच्या वाटणीपत्रातल्या. समोरच्या किराणाच्या ताजव्यात घातल्या तर साडेतीन शेर भरल्या. चार चिमण्या येऊन घरट्याला घेऊन गेल्या, त्या वेगळ्या. शिवगंगानं खाली बसून तांदळातले खडे निवडल्यागत आपल्या एक्केचाळीस निवडल्या आणि पदराच्या गाठीत बांधल्या.

पावण्याच्या हातातलं भजं हातातच राहिलं. "साडेतीन शेर?"

"सव्वातीन धरा. चिमण्यांचं सोडून."

मग मृत्युंजय खाली मान घालून कामाला बसला. आता त्याला मी सोडत नव्हतो. रेघ कशी काढायची ते नंतर शिकव म्हणालो, आधी तुझ्या बदलीला 'कळत न्हाई' म्हणायला शिकव. ते मात्र त्यानं केलं. जे ओळखू येत नाही तिथं थांबायचं, गिळायचं नाही, आणि कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत, कसली अनोळखी खूण सोडली ते लिहून काढायचं. संस्थेची फाइल पुन्हा घातली तर यादी आली. पान नऊ, ओळ चार, अनोळखी खूण. अशा एक्केचाळीस ओळी. म्हणजे फाइलीत खूण होती, पेनाची नव्हे. शिवगंगाची जुनी प्रत शेजारी ठेवून एकेक ताडली, सगळ्या जुळल्या. आणि मग त्या प्रतीवरून, डोळ्यांनी वाचून, हातानं लिहून त्यानं दोनशे तेरावी चाचणी केली. चालवली, आणि लाल आली! पहिल्यांदा लाल. सहा महिन्यांत त्या पोरानं केलेलं पहिलं खरं काम ते.

गुरुवारी गडहिंग्लजला सुनावणी. खोलीत अमरसिंह आधीच बसलेला, गुडघ्यावर नवं पुस्तक. शिवगंगानं जुनी प्रत ठेवली, यादी ठेवली. अमरसिंह म्हणाला, "साहेब, यादी काय, कुणीबी टाइप करंल. छापणाऱ्याचं म्हणणं काय हाय?"

अधिकाऱ्यानं चष्मा वर केला. "खरं आहे. चूक छपाईतली, असं जबाबदारी घेऊन लिहून देणारं कुणी आलंय का?"

शिवगंगा पदराची गाठ धरून दाराकडं बघतेय. चार म्हशी, सात वर्षं, चार वर्षांचं ओरडणं, सगळं त्या एका कागदावर अडकलेलं. आणि तेव्हा, गुंडूपावणं, मी उठलो. म्हणालो, "साहेब, ही चूक मी प्रुफातच धरलीती. पान नऊवर बोट ठेवून मालकाला म्हणालोतो, ह्ये दोन नियम भांडत्यात, छापू नका. माझं कुणी ऐकलं न्हाई." कागद मागून घेतला आणि हिरव्या शाईनं तिथंच लिहून दिलं. अमरसिंहाच्या कपड्यांची इस्त्री बसल्या जागी विरघळली. अर्ज मंजूर. बाई नव्वद मतांनी निवडून आली, आणि आता यंत्र तपासायचा नमुना बाहेरच्या तालुक्यातनं मोहरबंद बाटलीत येतो. जाताना पाया पडली माझ्या. म्हणाली, अज्जा, तुम्ही होतासा म्हणून.

गुंडूपावण्यानं मान हलवली. "लई मोठं काम केलंसा, नाना."

"चालायचंच," मी म्हणालो.

अंबूबाईनं स्टोव्ह बंद केला. तो बंद झाला की किती शांत होतं हे त्या दिवशीच कळलं. पदरानं हात पुसत ती गाड्याच्या पुढं आली आणि आख्ख्या लक्ष्मीपुरीला ऐकू जाईल अशी बोलली.

"नाना, साडेतीन शेर रेघा मी मानल्या. पाच शेर म्हणाला असतासा तरी मानल्या असत्या, चिमण्यासुदीक मानल्या. पर ती शिवगंगाक्का मंगळवारी सकाळधरनं दिवे लागंपतोर ह्या बाकड्यावर बसलीती, हातात पान नऊचं प्रूफ, त्यावर 'वाचले, बरोबर' आणि खाली तुमचा हिरवा 'आ'. मी तिला तीन वेळा चहा दिला. तुम्ही तिला बघून प्रेसाच्या मागल्या दारानं गेलासा, त्ये फुडच्या सोमवारी उगवलासा. गडहिंग्लजला त्ये मृत्युंजय गेलतं एकलं. 'चूक माझी' म्हणून त्या पोरानं लिवून दिलं. तुम्ही कुठली सुनावणी बघितलीसा वो?"